कॅमेरा प्रकाश मोजायला कसा शिकला?

१/
एक कागद पांढरा, एक करडा, एक काळा. तिन्ही एकाच उजेडात ठेवावेत आणि प्रत्येक कागदाने संपूर्ण चौकट भरेल अशा बेताने, कॅमेऱ्याच्या साध्या स्वयंचलित मापनावर, तीन वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. तिन्ही छायाचित्रांत जवळपास एकाच छटेचा करडा कागद दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. नेमून दिलेले काम तो चोख करत असतो. हे काम त्याला कोणी नेमून दिले, कसे दिले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा हा इतिहास. #धागा

२/
प्रथम मूळ गोष्ट. छायाचित्र घेणे म्हणजे फिल्मवर, काचेवर किंवा सेन्सरवर ठरावीक प्रकाश पडू देणे. प्रकाश कमी पडला तर सावल्यांतील तपशील काळोखात बुडतो. जास्त पडला तर उजळ भाग पांढरेफटक होतात. या मापाला ‘एक्स्पोजर’ म्हणतात. ते तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र किती मोठे, शटर किती वेळ उघडे आणि फिल्म किंवा सेन्सर किती संवेदनशील. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की त्याला एका ‘स्टॉप’चा फरक म्हणतात. पुढचा सारा इतिहास या स्टॉपच्या हिशेबाचा आहे.

३/
सुरुवातीला मोजण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सारे काही संथ होते. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या ‘बुलेवार द्यु टॉम्प्ल’ या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा, पण एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे चालती माणसे आणि धावत्या गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. मिनिटांच्या हिशेबात दहा-वीस सेकंद इकडेतिकडे झाले, तरी फारसे बिघडत नसे. अंदाज हेच मापन होते.

४/
१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर रसायन लावायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि तिथल्या तिथे तंबूत ती काच धुवायची. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. ओल्या काचेच्या पद्धतीत कष्ट अमाप होते, पण एक सोय होती. चित्र फसले तर काही मिनिटांत कळत असे आणि पुन्हा घेता येत असे. चूक झाली, तरी ती तिथेच उमगत होती.

५/
ही सोय नाहीशी झाली ती एका मोठ्या सुधारणेमुळे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढील दहा वर्षांत अशा काचा कारखान्यांत तयार होऊ लागल्या. आता तंबू नको, रसायनांच्या बाटल्या नकोत. काच पेटीत घालून प्रवासाला जावे आणि महिन्याभराने घरी येऊन धुवावी. परंतु त्यामुळे चूकही महिन्याभराने कळू लागली. शिवाय नव्या काचा इतक्या संवेदनशील होत्या की सेकंदाच्या अंशात काम उरकू लागले. तिथे अंदाज चौपट चुकणे सहज शक्य होते.

६/
मग डोळ्यावर विसंबून का चालत नव्हते? कारण डोळा हा प्रकाशाचा फार लबाड साक्षीदार आहे. भर उन्हातून माजघरात आल्यावर क्षणभर अंधारते. मग बाहुली मोठी होते, दृष्टिपटल सरावते आणि खोली पुरेशी उजळ वाटू लागते. प्रत्यक्षात तिथला प्रकाश बाहेरच्या प्रकाशाच्या शतांशही नसतो. डोळा फरक बुजवतो. रसायन तो जसाच्या तसा नोंदवते. त्यात त्या काळच्या काचांना निळा प्रकाश फार आणि तांबडा जवळपास शून्य जाणवत असे. म्हणून डोळ्याला सोनेरी, सुंदर वाटणारी संध्याकाळ काचेच्या लेखी जवळजवळ रात्र होती.

७/
या गोंधळात शिस्त आणली ती दोन हौशी माणसांनी. इंग्लंडमधील विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गावात फर्डिनांड हर्टर हे स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हे इंग्रज अभियंते एकाच उद्योगात नोकरीला होते. ड्रिफील्ड यांना छायाचित्रणाचा नाद होता. त्यांनी मित्रालाही तो लावला. हर्टर यांना मात्र त्यातील ‘अंदाजपंचे’ कारभार खटकला. कारखान्यात जे मोजमाप चालते, ते काचेवर का चालू नये, असा त्यांचा प्रश्न होता. अनेक वर्षे प्रयोग करून दोघांनी १८९० मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले.

८/
त्यांनी काचेच्या वेगवेगळ्या भागांवर मोजून प्रकाश पाडला, धुतल्यावर प्रत्येक भाग किती काळा झाला ते मोजले आणि आलेख काढला. आलेख आडव्या ताणलेल्या ‘एस’ या रोमन अक्षरासारखा आला. खालच्या टोकाशी प्रकाश इतका कमी की फरक उमटतच नाही. वरच्या टोकाशी इतका जास्त की सगळे सारखेच काळे होते. मधल्या सरळ भागात मात्र प्रकाशाच्या प्रत्येक पायरीला काळेपणाची एक पायरी प्रामाणिकपणे उत्तर देते. योग्य एक्स्पोजर म्हणजे दृश्यातील महत्त्वाच्या छटा या सरळ भागात बसवणे. ‘योग्य’ या शब्दाला प्रथमच मोजता येण्याजोगा अर्थ मिळाला.

९/
सगळ्यांनाच याचा आनंद झाला नाही. छायाचित्रण ही स्वतंत्र कला आहे असे हिरिरीने मांडणारे पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मध्ये त्या विषयावर ग्रंथ लिहिला होता. हर्टर-ड्रिफील्ड यांचे निष्कर्ष वाचून ते हादरले. छटांचे परस्परांशी नाते जर रसायनाच्या नियमाने आधीच ठरत असेल, तर कलावंताच्या हाती उरते काय? ज्येष्ठ चित्रकाराशी झालेल्या चर्चेचाही त्यांच्यावर परिणाम झाला. वर्षा-दीड वर्षातच त्यांनी काळ्या किनारीची एक पुस्तिका काढली आणि आपल्याच सिद्धांताचा मृत्यू जाहीर केला. मापन आले की कला संपते का, हा प्रश्न इथे उभा राहिला. त्याचे उत्तर मिळायला आणखी पन्नास वर्षे लागली.

१०/
हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी एक उपकरणही बनवले होते : ‘ॲक्टिनोग्राफ’, पेटंट १८८८ चे. ती एक सरकपट्टी होती. तारीख, वेळ, काचेची संवेदनशीलता आणि भिंगाचे छिद्र जुळवले की एक्स्पोजर समोर येई. त्यात प्रकाश मोजला जात नसे. सूर्य आकाशात किती उंच असेल, याचे गणित आधीच छापलेले असे. म्हणून ते अक्षांशाशी बांधलेले होते. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी विडनेसला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असतो, तर मुंबईत सुमारे ४७ अंश. विडनेसचा तक्ता मुंबईत वापरला असता, तर हिवाळ्यातली काच जळून निघाली असती.

११/
खरोखर प्रकाश मोजण्याचा सुटसुटीत मार्ग हेरफर्ड येथील आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी काढला. त्यांचे ‘बी मीटर’ खिशातल्या घड्याळासारखे दिसे. त्याच्या एका फटीत प्रकाशाने काळवंडणारा कागद असे आणि शेजारी एक ठरलेली छटा रंगवलेली असे. कागद त्या छटेइतका गडद व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे आणि कडेच्या तबकड्या फिरवून एक्स्पोजर काढायचे. स्कॉट यांच्या १९१० च्या अंटार्क्टिका मोहिमेत छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंग यांच्याजवळ हेच मीटर होते. (इंग्लंडमधील प्राचीन वाटा सरळ रेषांत आखलेल्या होत्या, ही ‘ले लाइन्स’ची वादग्रस्त कल्पना मांडणारे वॉटकिन्स ते हेच.)

१२/
इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. वॉटकिन्स यांचे मीटर वस्तूवर ‘पडणारा’ प्रकाश मोजत असे. समोर बर्फ आहे की कोळसा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. ऊन तेच, म्हणून उत्तर तेच. त्या एक्स्पोजरवर बर्फ पांढरा उमटे आणि कोळसा काळा. पॉन्टिंग ज्या बर्फाळ प्रदेशात काम करत होते, तिथे हा गुण लाखमोलाचा होता. पण मापन मंद होते आणि कागद दरवेळी नवा लागे. लोकांना काटा हलवणारे, झटपट उत्तर देणारे यंत्र हवे होते.

१३/
ते यंत्र आले समुद्राच्या तळातून, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलची चाचणी करताना विलोबी स्मिथ यांना सेलेनियमच्या कांड्या हव्या होत्या, कारण त्यांचा विद्युत-रोध मोठा होता. पण कांड्यांवर उजेड पडला की तो रोध बदलत असे. १८७३ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. १८७६ मध्ये विल्यम ग्रिल्स ॲडम्स आणि रिचर्ड डे यांनी दाखवले की प्रकाश पडल्यावर सेलेनियम स्वतःच वीज निर्माण करते. प्रकाशाचे रूपांतर काट्याच्या हालचालीत करता येईल, हे त्यातून निश्चित झाले.

१४/
प्रत्यक्ष बाजारात असे मीटर यायला १९३० चे दशक उजाडले. अमेरिकेतील नूअर्क येथे एडवर्ड वेस्टन यांची विद्युत-मापन उपकरणांची नामांकित कंपनी होती. (प्रसिद्ध छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन वेगळे, हे नामसाधर्म्य अनेकांना चकवते.) १९३२ मध्ये या कंपनीचे सेलेनियमचे मीटर आले. त्याला बॅटरी लागत नसे. दृश्याकडे रोखले की काटा हलायचा, तबकडी फिरवली की उत्तर हाती. १९३५-३६ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही जाणवत असे; साहजिकच मीटर ही हौस उरली नाही, गरज झाली.

१५/
परंतु या नव्या मीटरने एक मूलभूत अदलाबदल केली. ते वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत नव्हते, तर वस्तूवरून परतून येणारा प्रकाश मोजत होते. वस्तूपर्यंत जाण्याची गरज नाही, लांबच्या डोंगराचेही मापन घेता येते, हा मोठा लाभ. तोटा असा की, कमी प्रकाश परत आला तर उजेड कमी आहे की वस्तूच काळी आहे, हे काट्याला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांना एक गोष्ट गृहीत धरावी लागली : समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम करड्या छटेचे आहे.

१६/
हे गृहीतक मनमानी नव्हते. कोडॅकचे शास्त्रज्ञ लॉइड जोन्स आणि एच. आर. काँडिट यांनी घराबाहेरच्या शंभराहून अधिक दृश्यांची मोजमापे घेऊन १९४१ मध्ये निष्कर्ष मांडले. आकाश, झाडे, माती, माणसे यांची सरासरी काढली तर बहुतेक दृश्ये एका मध्यम पट्ट्यात येतात. कोडॅकने विकलेले परिचित करडे कार्ड त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवते. ‘मध्यम’ म्हणजे ५० टक्के का नाही? कारण डोळा पटीत विचार करतो; काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मधली वाटणारी छटा १८ टक्क्यांच्या आसपास येते.

१७/
आता पहिल्या परिच्छेदातील कोडे सुटते. पांढरा कागद सुमारे ९० टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे करड्या कार्डाच्या पाचपट. मीटर समजते, उजेड फार आहे. आणि सव्वादोन स्टॉप प्रकाश कमी करते. कागद करडा होतो. काळा कागद चारेक टक्के परतवतो. मीटर समजते, अंधार आहे. आणि प्रकाश तितकाच वाढवते. तोही करडा होतो. म्हणून बर्फाच्या, पांढऱ्या वाळूच्या दृश्यात जाणकार छायाचित्रकार मीटरच्या उत्तरात एक ते दोन स्टॉपची भर घालतो. काळी म्हैस चौकट भरून उभी असेल तर तितकेच कमी करतो. मीटर खोटे बोलत नाही. ते एका ठरलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

१८/
एमर्सन यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते इथे. १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन पद्धती’ बांधली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना शून्य ते दहा असे क्रमांक. दोन शेजारच्या क्रमांकांत एका स्टॉपचा फरक. मीटर ज्या वस्तूकडे रोखाल तिला ते पाचव्या, म्हणजे मध्यम करड्या घरात नेऊन बसवते. ॲडम्स यांचे म्हणणे असे की, बसवू द्यावे, पण मग विचारावे : ही वस्तू चित्रात मला कोणत्या घरात हवी आहे? बर्फ सातव्यात हवा असेल तर दोन स्टॉप वाढवा. रसायनाचा नियम अढळ आहे. पण त्या नियमात कोणती छटा कुठे बसवायची, हा निर्णय माणसाचा आहे.

१९/
या विचाराची कसोटी १९४१ च्या हेमंतात लागली. न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ गावाजवळून ॲडम्स मोटारीने जात होते. पूर्वेला चंद्र उगवलेला, खाली एक चर्च आणि दफनभूमी, आणि मावळतीच्या शेवटच्या उन्हात उजळलेले पांढरे क्रूस. त्यांनी घाईने गाडी थांबवली, मोठा कॅमेरा उभा केला. पण वेस्टन मीटर काही सापडेना. ऊन कोणत्याही क्षणी जाणार होते. त्यांना एवढेच आठवले की चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कँडल असते.

२०/
पुढचे गणित त्यांनी मनात केले. चंद्र सातव्या घरात हवा, म्हणजे मध्यम करड्यापेक्षा दोन स्टॉप उजळ. २५० चे चौथे हिस्से सुमारे ६०. हा झाला पाचव्या घराचा प्रकाश. फिल्मची संवेदनशीलता ६४. तिचे वर्गमूळ ८. म्हणून एफ/८ छिद्राला सेकंदाचा साठावा भाग. भिंगावरचा फिल्टर प्रकाश एक-तृतीयांश करतो, म्हणून विसावा भाग. सर्वत्र रेखीवपणा यावा यासाठी छिद्र एफ/३२ केले. प्रकाश सोळापट घटला, म्हणून सुमारे एक सेकंद. त्यांनी शटर उघडले. दुसरे चित्र घेण्यासाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते.

२१/
‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक. खालच्या जमिनीवर प्रकाश अपुराच पडला होता. १९४८ मध्ये ॲडम्स यांनी निगेटिव्हचा तो भाग रसायनाने अधिक गडद केला. गंमत अशी की, हे चित्र नेमके कधी घेतले, हे त्यांनाच धड आठवत नसे. निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी निरनिराळी वर्षे दिली. शेवटी खगोलशास्त्राने निकाल दिला. चंद्राच्या स्थानावरून डेनिस दि चिको यांनी १९९१ मध्ये दिनांक काढला : १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटे. चंद्राचे तेज लक्षात राहिले, वर्ष मात्र विसरले!

२२/
बहुतेकांना मात्र इतके गणित नको होते, आणि उद्योगाने ते ओळखले. १९३८ च्या कोडॅक सुपर सिक्स-२० मध्ये सेलेनियमचा काटाच छिद्राचा आकार ठरवू लागला. स्वयंचलित एक्स्पोजरचा हा पहिला कॅमेरा. १९६० च्या दशकात टॉपकॉन आणि पेंटॅक्स यांनी भिंगातून आत आलेलाच प्रकाश मोजण्याची सोय आणली. १९८३ च्या निकॉन एफए कॅमेऱ्याने दृश्याचे पाच भाग पाडले, त्यांची आपसात तुलना केली आणि ‘पाठीमागून ऊन येत असावे’ यासारखे अनुमान काढू लागला. १९९६ च्या निकॉन एफ५ मध्ये १,००५ बिंदूंचा, रंगही ओळखणारा मापक होता. सरासरी अधिकाधिक हुशार होत गेली.

२३/
पण सरासरी कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला. १९५० च्या दशकापासून कोडॅक रंगीत छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुना-चित्र पाठवत असे. त्यात एक गोरी तरुणी असे. कंपनीतील शर्ली पेज या नमुना-तरुणीवरून या कार्डांना ‘शर्ली कार्ड’ हे नाव पडले. तिची कांती नीट आली की यंत्र नीट, अशी ती व्यवस्था. त्यामुळे फिल्म आणि छपाई या दोन्हींचा ‘मध्य’ गोऱ्या त्वचेपाशी ठरला. वर्गाच्या समूह-छायाचित्रात गोऱ्या मुलांचे चेहरे स्पष्ट आणि सावळ्या मुलांच्या चेहऱ्यांत फक्त डोळे-दात, हा अनुभव अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना वर्षानुवर्षे आला.

२४/
कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास शोधला. त्यातील एक गोष्ट विसरता येत नाही. गडद छटांचा तपशील उमटत नाही, या तक्रारीला कंपनीत वजन आले ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या उत्पादकांमुळे. त्यांना जाहिरातींत काळे आणि दुधाळ चॉकलेट वेगवेगळे दिसायला हवे होते. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे एकत्र नमुना-कार्ड कोडॅककडून आले ते १९९० च्या दशकात. इथे दोष प्रकाशाच्या नियमात नव्हता. हर्टर-ड्रिफील्ड यांच्या आलेखात कोणाचा चेहरा सरळ भागात बसवायचा आणि कोणाचा खालच्या टोकाशी सोडायचा, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवले होते.

२५/
यावर जुना उपायही उपलब्ध होता. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील डॉन नॉरवूड यांनी पांढऱ्या अर्धगोलाचे मीटर आणले. ते चेहऱ्याजवळ धरून कॅमेऱ्याच्या दिशेने रोखायचे. म्हणजे वॉटकिन्स यांच्याप्रमाणे पुन्हा ‘पडणारा’ प्रकाश मोजायचा. चित्रपटसृष्टीने ते आपलेसे केले. या मीटरला चेहरा गोरा की सावळा, शालू पांढरा की काळा, काहीच दिसत नाही. दिसतो फक्त उजेड. सोपा पर्याय म्हणजे तळहात. चेहऱ्याच्या वर्णात जितका फरक असतो, त्याहून तळहातांत फार कमी असतो. त्याच उजेडात तळहाताचे मापन घेऊन एक स्टॉप वाढवला की काम भागते.

२६/
आज फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेतो, चेहरे ओळखतो आणि प्रत्येक भागाचे एक्स्पोजर वेगळे जुळवतो. तरीही २०२१ मध्ये गूगलला आपल्या पिक्सेल ६ फोनसाठी ‘रिअल टोन’ नावाने सावळ्या त्वचेच्या छटांवर स्वतंत्र काम करावे लागले. कारण यंत्र चित्रांच्या संग्रहावरून शिकते, आणि त्या संग्रहात जे चेहरे कमी असतात, ते त्याच्या सरासरीतही कमीच उरतात. काटा गेला, कार्ड गेले, गृहीतक मात्र चिपमध्ये मुक्कामाला आहे.

२७/
जुनी छायाचित्रे पाहताना हे ध्यानी असावे. त्यातला काळवंडलेला चेहरा दर वेळी त्या माणसाबद्दल किंवा त्या दिवसाच्या उजेडाबद्दल सांगत असतोच असे नाही. पुष्कळदा तो मापणाऱ्याने काय ‘मध्यम’ मानले, तेवढेच सांगतो. छायाचित्र हा पुरावा आहे, पण त्याला एक तराजू जोडलेला आहे, आणि तराजूचे वजन कोणीतरी घडवलेले आहे. आणि नवे छायाचित्र घेताना : फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले की शेजारी सूर्याची लहानशी खूण उमटते. ती वर-खाली सरकवणे म्हणजे ॲडम्स यांचाच प्रश्न विचारणे : ही छटा कोणत्या घरात हवी? उत्तर आपण दिले नाही, तर ते कारखान्यातून आधीच दिलेले असते.